यशार ठाण्याला असते

मी घर सोडून निघालो त्या सकाळी आई माझ्याकडे पाठ करून बसली होती. कल्याणच्या आमच्या घराची मागची पडवी, तोंड भिंतीकडे, हातात काही काम नाही. मी वाकून नमस्कार केला तो तिच्या पाठीला. "समुद्रापलीकडे जाणाऱ्याला कुठल्या तोंडानं आशीर्वाद देऊ?" एवढंच ती म्हणाली, तेही भिंतीला. सरस्वती उंबऱ्याच्या आत उभी होती. सरस्वती म्हणजे माझी बायको. या वयात बायकोचं नाव लिहितोय, हसायचं तर खुशाल हसा. तिनं माझ्या हातावर दही घातलं आणि "या" म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. होतं ते आधीच संपलं होतं.

आमची दोन मुलं त्या घरात गेली होती. पहिला मुलगा देवी येऊन गेला, आणि त्याच्यामागची मुलगी तर धड हसायला लागण्याआधीच. मुलगी गेल्यावर घरात कुणी कुणाशी बोलेना. भांडं पडलं तरी सगळी दचकत, आणि पुन्हा गप्प. मी तारऑफिसात मास्तर होतो. इराणच्या आखातात, तुर्कांच्या मुलखात फाव नावाच्या जागी खात्याला माणूस हवा होता, आणि तिथे जायला कुणी तयार नव्हतं. मी हात वर केला. पगार बरा होता, पण मी पगारासाठी गेलो नाही. मला ती शांतता सोसवेना. माझी बहीण ठकू, ती गावातच दिलेली, वेशीपर्यंत सोबत आली आणि म्हणाली, "तू सुटलास रे. हिनं कुठं जायचं?" मी गाडीवानाला म्हटलं, हाक गाडी.

हे लिहितोय ते तुम्हा कल्याण-ठाण्याच्या मंडळींसाठी, आणि माझ्यासारखे आगबोटीत बसून एडनला, बसऱ्याला, झांजिबारला गेले त्यांच्यासाठीही. तुम्ही सगळे मला एकच विचारता, परत कधी येणार? आणि मी 'बघू' म्हणतो. आता म्हटलं एकदाचं नीट उत्तर द्यावं. पण ते उत्तर एका नावाची हकीकत सांगितल्याशिवाय देता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या आळीत अशी समजूत आहे की मी बगदादच्या बागेत बसून द्राक्षं खातो. अहो, कसली द्राक्षं! फाव म्हणजे चिखल. दोन मोठ्या नद्या एक होऊन समुद्राला मिळतात तिथला चिखल, त्यात खजुरीची झाडं, आणि डास इतके की बोलायला तोंड उघडायची चोरी. उन्हाळ्यात यंत्राच्या पितळेला हात लावला तर चटका बसतो. हिंदुस्थानातून समुद्राच्या तळानं आलेली तार तिथे वर येते आणि पुढे तुर्की सरकारच्या खांबांवरून विलायतेकडे जाते. म्हणून एकाच आवारात दोन कचेऱ्या, एक आमची, एक तुर्कांची. मध्ये पुरुषभर उंचीची मातीची भिंत.

भिंतीपलीकडचा तारमास्तर हिकमत एफेंदी. एफेंदी म्हणजे आपलं रावसाहेब. उंच, खांद्यात वाकलेला, डोक्यावर लाल टोपी. त्याच्या सरकारनं त्याला तिथे नेमलं आणि साफ विसरून गेलं. आमच्या लोकांच्या संगतीत तो मोडकंतोडकं हिंदुस्थानी शिकला होता. त्याच्या बायकोला सगळे हानिम म्हणत, म्हणजे बाईसाहेब. ती पडद्यातली. मी तिला कितीतरी वर्षं पाहिली नाही, नुसती ऐकली. रोज दिवे लागायच्या वेळी ती आपल्या मुलीला हाक मारायची, "याशाऽर!"

नाव यशार. म्हणताना पहिला 'य' किंचित लांबतो, एवढंच. तुम्ही एकदा म्हणून बघा, हळू. 'य' जिभेवरून नुसता सरकतो. मग 'शा', पोराला मांडीवर घेऊन थोपटताना आपण जो आवाज करतो ना, अगदी तसला. आणि शेवटचा 'र' सैल सोडलेला. तोंड कुठेच घट्ट मिटत नाही या नावात. आमच्या आळीतल्या बायका हाक मारतात ती कशी? "अगं ए गोदेऽऽ, मेलीस का तिकडे?" लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, विहिरीत पडलं कुणी. ही हाक तशी नव्हती. तिला उत्तराची घाई नव्हती. मी त्या चिखलात आपल्या माणसांवाचून राहत होतो, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत होतो, आणि दिवसभरात त्या एका हाकेची वाट बघायला लागलो. तार रिकामी असली की तारेच्या खुणांनी ते नाव टेबलावर बोटानं वाजवायचो. एकदा आमच्या कचेरीच्या इंग्रज साहेबानं ऐकलं. "कुणाला तार करतोस?" म्हणाला. मी बोटं मुठीत घेतली.

शेवटी एफेंदीलाच विचारलं, या नावाचा अर्थ काय? त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "हिच्या आधी तीन गेली. म्हणून हिचं नाव यशार. यशार म्हणजे जगते. जगेल. ही जगेल." आणि बोटानं दाराकडे खूण करून म्हणाला, "हे नाव आम्ही मुलीसाठी नाही ठेवलं. तो येतो ना न्यायला, त्याच्यासाठी ठेवलं. त्यानं ऐकावं म्हणून ती मोठ्यानं हाक मारते."

मला आपल्याकडचं आठवलं. आपण काय करतो? आधीची मुलं गेली की पुढचं मूल सुपात घालून उकिरड्यावर लोळवतो. त्याचं नाक टोचतो. धोंडू, दगडू, केरू, भिकी, उकिरडी अशी नावं ठेवतो, म्हणजे यमाला वाटावं, छे, हा कचरा कोण नेणार! माझ्याबरोबर शाळेत दोन धोंडू होते आणि एक भिकू, आणि त्या तिघांच्या आया त्यांच्याकडे बघायच्या ते अजून आठवतं. आपण मूल लपवतो. हा माणूस दारात उभा राहून त्याला तोंडावर सांगत होता, हिला हात लावू नकोस. मला त्या धाडसाचा मोह पडला. आमच्या घरात दोनदा आलेल्याला असं कुणीच काही सांगितलं नव्हतं.

रजेवर कल्याणला आलो. आधी प्रायश्चित्त झालं, पंचगव्य झालं. त्यानंतर दर तीन वर्षांनी मी असा शुद्ध होत असे आणि पुन्हा बाटायला जात असे. भटजींची एक सोय झाली. आई आता पाठ करत नव्हती, पण माझं पान जरा लांब मांडायची. सरस्वतीला दिवस राहिले तेव्हा ती मला सांगायलाही घाबरली. मी तिला त्या नावाची गोष्ट सांगितली. ती वाती वळत होती. हात न थांबवता तिनं ते नाव ओठांत म्हणून पाहिलं.

"जगते ती? तिकडची?"

"मी रोज बघतो. खजुरीवर चढते, आईच्या शिव्या खाते."

"मग तेच ठेवा," ती म्हणाली. "मुलगाच झाला तर?" मी विचारलं. "मुलगीच होणार आहे," म्हणाली, आणि तिचं खरं ठरलं.

आईनं मात्र आधीच धोंडी ठरवून ठेवलं होतं आणि त्यावर बोलणं नको होतं. उरली ठकू. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, तो मान तिचा. मला तर तोवर परत फावला जायचं होतं. मी निघण्याआधी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, "अर्थ सांगितलास ते बरं केलंस. मला न कळणारं काही मी पोराच्या कानात घालणार नाही." मग तिनं तीन-चारदा ते नाव म्हणून बघितलं. "तोंडात बरं लागतं रे," म्हणाली. "पण आईच्या हातून मार खायला लावशील मला."

पुढच्या खेपेला तिनंच मला बारशाची हकीकत सांगितली. "पाळण्याशी वाकले, कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, आणि तुझं ते तुर्की नाव सांगितलं. पोरगी रडत होती ती गप्प झाली. मग बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले, आणि मी सरळ उभी राहून मोठ्यानं सांगितलं, धोंडी!" ठकू हे सांगताना हसून लोळत होती. अशी आमची मुलगी आळीत धोंडी आणि घरात यशार झाली. आईला महिन्याभरात पत्ता लागला. "असलं म्लेंच्छ नाव माझ्या जिभेला वळायचं नाही," म्हणाली, आणि धोंडी, धोंडी करत राहिली. पण पोरीला गोवर आला आणि ताप उतरेना, तेव्हा सरस्वती पहाटे उठून बघते तर आई पाळण्याजवळ बसलेली. पाळण्याची दोरी हातात, आणि तोंडानं एकसारखं यशार, यशार, यशार. तो गोवर उतरला. आईनं ती गोष्ट शेवटपर्यंत कबूल केली नाही.

मी तिला तुकड्यातुकड्यांनी पाहिली. एका खेपेला ती मला बघून पडवीत लपली. पुढच्या खेपेला दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीवर माझ्याबरोबर आली आणि गलबतं बघून म्हणाली, "यातलं कुठलं तिच्याकडे जातं?" तिच्याकडे म्हणजे तिकडच्या यशारकडे. ती काय खाते, तिचे केस किती, तिला कोण रागावतं, सगळं विचारायची. सरस्वतीनं त्या मुलीसाठी हिरव्या बांगड्या दिल्या, मी त्या फावपर्यंत धोतरात गुंडाळून जपून नेल्या. हानिमनं उलट एक रुमाल पाठवला, त्याच्या काठाला सुईनं विणलेली रंगीत फुलं. दोन बाया, एकीनं दुसरीला बघितलेलं नाही, भाषा नाही, धर्म नाही, आणि मी मध्ये हमालासारखा. खरं सांगू? माझ्या आयुष्यातला तोच काळ सुखाचा.

मग एका उन्हाळ्यात तिकडची यशार तापानं गेली. दोन दिवस ताप, आणि संपलं. तेरा-चौदा वर्षांची झाली होती, तिला मागणंही आलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडे आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी दार वाजलं, आणि सवयीनं हाक आली, "या..." तेवढीच. पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. मी यंत्रासमोर बसलो होतो. एफेंदी तिसऱ्या दिवशी कामावर आला. टोपी नीट, बटणं लावलेली. बसता बसता त्यानं मला विचारलं, "तुझी बरी आहे ना?" बरी आहे म्हटलं. त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. पुढं दर आठ-पंधरा दिवसांनी तो विचारायचा, आणि मला माहीत होतं विचारणारी कोण ते.

आता हे सरस्वतीला सांगायचं कसं? तिचा सगळा जीव त्या नावावर टेकलेला. मला वाटलं, ऐकलं की ती हाय खाईल, आणि आमच्या पोरीची धोंडी होऊन जाईल. रजेवर आलो तेव्हा ती मुलीची वेणी घालत होती. "तिकडची कशी आहे?" तिनं नेहमीप्रमाणे विचारलं. माझा चेहरा बघून तिनं वेणी अर्धीच सोडली आणि पोरीला बाहेर पिटाळलं. मी सांगितलं. ती बराच वेळ फणीतले केस काढत बसली.

"त्या बाईला दुसरं कुणी?"

"नाही."

"मग तिला सांगा," ती म्हणाली, "मी इथं रोज दिवेलागणीला यशारला हाक मारते. आणि इथं ओ येते. सांगाल ना? असंच सांगा."

मी तसंच सांगितलं. एफेंदीनं ते घरात जाऊन सांगितलं, आणि भिंतीपलीकडून असा आवाज आला की मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर हानिम आमच्या मुलीला 'तुझी' म्हणायची बंद झाली. 'आमची' म्हणायला लागली. आमची किती वाढली? आमचीला ताप येत नाही ना?

मुलीचं लग्न ठाण्याला ठरलं. तलावाजवळ घर, माणसं चांगली, सासरे कलेक्टर कचेरीत. लग्न कल्याणला झालं. सरस्वतीनं आयुष्यात कधी कुणापुढं पदर पसरला नाही, पण विहिणीचे पाय धुताना तिनं धीर करून विचारलं, "पोरीचं नाव तेवढं बदलू नका. तिच्या जिवाला बांधलेलं आहे ते." विहीण काही दुष्ट बाई नव्हती. ती आश्चर्यानं म्हणाली, "अहो, सून घरात आली की नवं नाव घेऊनच येते. माझंही बदललं होतं. मी मेले का?" त्यांचंही खोटं नव्हतं. तुमची काय, माझी काय, सगळ्यांच्याच आयांची नावं बदललेली. जानवसघरी ताटात तांदूळ पसरले, जावईबापूंनी अंगठीनं त्यावर 'रमा' असं लिहिलं, बायकांनी वाकून वाकून वाचलं, आणि छान नाव, छान नाव म्हणाल्या. छानच होतं. मग कुणीतरी ताट उचललं.

कल्याणहून ठाणं किती लांब? आगगाडीत बसलं की डोंबिवलीची भातशेतं, मुंब्र्याचे डोंगर, खाडी, की आलंच. मी समुद्र ओलांडून गेलेला माणूस. पण पोर पुढं सासरी नांदायला गेली तेव्हा वाटलं, ही माझ्यापेक्षा लांब गेली. मी जिथे गेलो तिथे निदान माझं नाव माझ्याबरोबर होतं. व्याह्यांच्या ओट्यावर मी तिला रमाबाई म्हणायचो, तसंच म्हणायला हवं. ती पाणी आणून ठेवायची आणि माझ्याकडे बघत नसे. माहेरी आली की सरस्वती तिला दिवसभर उगाचच हाका मारायची. यशार, दार लोट. यशार, इकडे ये. यशार, काही नाही, जा.

मग गाठीचा ताप, प्लेग आला. तुम्ही सगळे त्यातून गेलात, मी तुम्हाला काय सांगू? ठाण्यातली घरं ओस पडली, माणसं माजिवड्याच्या माळावर झोपड्या घालून राहायला गेली. आमच्या व्याह्यांचं घरही तिकडेच गेलं. पोरीला गाठ आल्याचा निरोप सरस्वतीला पोचला, आणि ती तशीच निघाली. पण कल्याण स्टेशनावर उतारूंची तपासणी, बायकांच्याही काखा बघायचे. त्यात ती अडकली. तिला जरासा ताप भरला होता, काळजीनं भरला असेल, पण तेवढ्यावर तिला ठेवून घेतलं. सुटून माळावर पोचली तेव्हा उशीर झाला होता.

मला फावला तार आली. घेणाराही मीच होतो. ठकूच्या यजमानांनी पाठवलेली. एकेक अक्षर येत होतं आणि मी लिहीत होतो. रमा. वारली. ताप. मी लिहून काढलं, आणि देवाशप्पथ सांगतो, क्षणभर मला कळलं नाही रमा कोण. माझ्या मनात आलं, कुणाच्या तरी घरची बिचारी. तार मिळाली अशी खूण मी परत वाजवली, शिस्तीनं. मग वर पत्त्यात मीच लिहून घेतलेलं माझं नाव दिसलं.

कल्याणला आलो तेव्हा सरस्वती आईसारखी पडवीत बसलेली. विहीणबाई भेटायला आल्या होत्या, वाळून गेल्या होत्या, त्यांचाही धाकटा मुलगा त्या माळावर गेला होता. त्यांनीच सांगितलं. "शेवटी शुद्ध नव्हती. आम्ही रमा, रमा करून हाका मारल्या, डोळे उघडेना. मग मला तुमचं ते आठवलं. मी तिच्या कानाशी ते जुनं नाव घेतलं."

सरस्वतीनं विचारलं, "ओ दिली?"

"दिली," विहीणबाई म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी ओट्यावर येऊन बसलो. नाव पुसलं म्हणून गेली असं सरस्वती कधी म्हणाली नाही. मीही म्हणत नाही. तिकडचीचं नाव कुणी पुसलं नव्हतं. पण असं किती समजूतदारपणानं स्वतःशी बोललं तरी आत कुठेतरी ते तांदळाचं ताट दिसतंच.

रजा संपत आली तशी एक दिवस सरस्वती म्हणाली, "मला तिकडे न्या." ठकू कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "वहिनी, वेड लागलंय का? तिथे खाणार काय, राहणार कुणात?" भटजी म्हणाले, पुरुषाचं एक वेळ चालतं. सरस्वतीनं कुणालाच उत्तर दिलं नाही. एका ट्रंकेत आपली भांडी भरली, गोधड्या बांधल्या, आणि घराला कुलूप लावून किल्ली ठकूच्या हातात दिली. आगबोटीत ती मला एवढंच म्हणाली, "मला त्या बाईला बघायचंय."

फावला मी एफेंदीला काहीच सांगितलं नव्हतं. घरचं काम निघालं म्हणून गेलो होतो. आता वाटेतच मनाशी ठरवलं, पोचल्या पोचल्या सांगून टाकायचं, पण आम्ही सामान उतरवतोय तोवर हानिमच आली. बाईमाणूस आल्याचं कळलं होतं ना. इतक्या वर्षांनी मी तिला प्रथम पाहिलं, तेही डोळेच. ती म्हातारी झाली होती. सरस्वतीनं भिंतीजवळ चटई टाकली, दोघी समोरासमोर बसल्या. हानिम तिच्याकडे बघतच राहिली, मग तिनं सरस्वतीच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "यशार? अच्छी?"

मी सांगायला म्हणून हातातली ट्रंक खाली ठेवली. आणि सरस्वती म्हणाली, "बरी आहे. ठाण्याला असते."

हानिमनं माझ्याकडे बघितलं, अर्थ सांग म्हणून. मी सांगितला. ती बाई हसली, तिनं आकाशाकडे हात उचलले, आणि सरस्वतीचा हात आपल्या डोळ्यांना लावला.

ती गेल्यावर मी विचारलं, "हे काय केलंस?" सरस्वती चुलीसाठी विटा मांडत होती. म्हणाली, "तिची एक गेली. उरलेली एक मी माझ्याच तोंडानं मारू?"

त्याला आता दोन वर्षं होतील. दोघी रोज दिवेलागणीला त्या चटईवर बसतात. सरस्वती तिच्या घरचं पाणी पीत नाही आणि हानिमला त्याचं काही वाटत नाही. दोघींनी मिळून एक भाषा केली आहे, थोडी मराठी, थोडी तुर्की, बाकी हातवारे. ती आता माझ्याशिवाय चालते. मी आत कचेरीत असतो, ऐकू येतं. यशारला मुलगा झाला. सासूचा मोठा जीव आहे नातवावर, खाली ठेवत नाही. साथ गेली, माळावरून सगळे घरी आले, घर नवं शाकारलं. परवा त्याला दात आला म्हणे. सुरुवातीला हे ऐकायचो तेव्हा कानात बोटं घालावीशी वाटत. आता नाही वाटत. परवा मीच मध्ये बोललो, त्याला दोन दात आलेत, एक नव्हे. सरस्वतीनं माझ्याकडे बघितलं आणि पुढं बोलायला लागली.

तर तुमचं विचारणं, परत कधी येणार. घर कुणाला नको असतं? मला कल्याणची सकाळ आठवते, खाडीवरचा वारा आठवतो, ठकूची चेष्टा आठवते. ठकू किल्ली सांभाळून आहे, कळवते, कौलं फुटलीत, या. पण तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं तिचं श्राद्ध होतं. आळीत शिरलो की पहिलाच माणूस चेहरा पाडून समोर येणार, आणि त्या क्षणी आमची यशार गेलेली असणार. इथं या चिखलात ती आहे. पोटभर जेवते, मुलाला दामटून निजवते, सासूशी भांडते. तिला सोडून यायचं कसं? आईबाप मुलांना टाकून जात नाहीत. तुम्ही म्हणाल, म्हातारा-म्हातारीला भ्रम झाला. भ्रम नाही हो. आम्हाला दोघांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर येत नाही.

तुमच्यापैकी कुणी कामाधंद्यानं बसऱ्याकडे आलं, तर आगबोट फावला थांबते, जरूर उतरा. सरस्वती गरम भात वाढील. जेवून झालं की भिंतीपलीकडची बाई तुम्हाला बघायला येईल, ठाण्याकडचं माणूस म्हणून. ती विचारणारच. घाबरू नका, अडखळू नका. बरी आहे म्हणा. आम्ही निघालो तेव्हा दारातच उभी होती म्हणा.